नवऱ्याची किडनी, एचएलए ०/६: पुढे जावं का?

प्रश्न: रुग्ण बायको, किडनी देणारा नवरा; तिची दोन बाळंतपणं झालेली. एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) सहापैकी एकही जुळत नाही. रक्तगट जुळतो, सीडीसी क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी मारणाऱ्या अँटिबॉडी आहेत का, ही चाचणी) निगेटिव्ह.

उत्तर १: ०/६ला घाबरू नका, जिवंत दात्याची अशी किडनीही चांगली चालते. मेख बाळंतपणात आहे. मुलांमध्ये वडिलांचे निम्मे एचएलए येतात, त्यामुळे आईच्या रक्तात नेमक्या नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी असू शकतात. त्या कमी प्रमाणात असतील तर सीडीसी चाचणीत सापडत नाहीत. फ्लो क्रॉसमॅच (जास्त संवेदनशील क्रॉसमॅच) आणि सिंगल अँटिजेन बीड (अँटिबॉडी नेमक्या कोणत्या एचएलएविरुद्ध आहेत ते दाखवणारी चाचणी) करून घ्या.

उत्तर २: टायपिंगमध्ये (एचएलए तपासणीत) डीक्यू हा एचएलएचा प्रकारही मागा. ०/६मध्ये फक्त ए, बी, डीआर हे तीन प्रकार (प्रत्येकी दोन) मोजतात. प्रत्यारोपणानंतर नव्याने होणाऱ्या अँटिबॉडी मात्र बऱ्याचदा डीक्यूविरुद्धच, विशेषतः टॅक्रोलिमसचे (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाचे) डोस चुकले की.

प्रश्नकर्ता: अँटिबॉडी निघाल्या तर?

उत्तर १: जोरदार असतील तर आधी स्वॅपमध्ये (दुसऱ्या जोडीशी दात्यांची अदलाबदल) नाव घाला, प्लाझ्माफेरेसिस (रक्तातून अँटिबॉडी काढून टाकणं) नंतरची गोष्ट. आणि मधे रक्त चढवलं, तर त्यानेही नव्या अँटिबॉडी होऊ शकतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी चाचण्या पुन्हा.