उशिरात देव कुठे असतो?

"सिग्नल लागला, गाडी लेट झाली, यात कसली श्रद्धा?" असं कुणीतरी विचारलंय, म्हणून लिहिते.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन वर्ध्याला निघाले होते. नागपूर स्टेशनवर कळलं, गाडी दोन तास उशिरा. उन्हाचा कहर, माझी नुसती चिडचिड. आई म्हणाली, "चाल ना, टेकडीच्या गणपतीले जाऊन येऊ." देऊळ तिथून पायी जाण्याइतकं जवळ, तरी मी कित्येक वर्षांत गेले नव्हते.

दर्शन घेऊन सावलीत टेकलो. आईनं पदराची गाठ सोडली, प्रसादाचा अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या आधीच्या, गेलेल्या बाळाबद्दल पहिल्यांदा बोलली. त्या दिवशी बाबा दवाखान्यातून सरळ इथेच येऊन बसले होते म्हणे. चाळीस वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं.

प्रत्येक उशीर देवाची इच्छा असते, हे मला मान्य नाही. रुग्णवाहिका अडकते तेव्हा तो नुसता उशीरच असतो. पण ते दोन तास मला दिलेले होते, असं मी मनापासून मानते.

परतलो तेव्हा गाडी फलाटावर लागली होती. आईच्या कपाळावरचा शेंदूर वर्ध्यापर्यंत तसाच होता.