‘नैराश्यावर मात’ म्हणू की आजारातून उठलो म्हणू?

पाषाणकर
१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी बोलणार आहे. विषय माझाच आजार. सेक्रेटरींनी बोर्डावर लावायचा मजकूर पाठवला : ‘नैराश्यावर मात करणारे आपले सभासद’. तिथेच अडलो.

मी मात वगैरे काही केलेली नाही. २०२१ च्या पावसाळ्यात ब्रशला पेस्ट लावून बाथरूमच्या दारात उभा राहायचो आणि तसाच परत येऊन आडवा व्हायचो. संध्याकाळी आई ब्रश धुवायची, तोवर पेस्ट वाळून कडक झालेली असायची. डॉक्टरांच्या कागदावर ‘सीव्हिअर डिप्रेशन’ लिहिलं होतं. गोळ्या सुरू झाल्यावर तीन आठवडे काही फरक नाही. मग आधी झोप आली, मग भूक, मन सगळ्यात शेवटी. एक गोळी अजून चालू आहे. ‘मात’ म्हटलं की डाव संपला. माझा संपलेला नाही, आणि ते लपवायचंही नाही, म्हणून तर बोलतोय. ‘रिकव्हरी’ला धड मराठी शब्द कोणता? ‘बरा झालो’ की ‘बरा होतोय’?

शनिवारातली
आमची आजी म्हणायची, ‘विषमज्वरातून उठला.’ ‘उठणे’ घ्या. त्यात जिंकणं-हरणं नाही, अंथरूण मात्र आहे. ‘तापाला उतार पडला’ असंही म्हणतो आपण. आणि ‘आज जरा हुशारी वाटतेय’! किती नेमकं आहे ते.

धातुपाठ
‘उठणे’ उत्तम. पण माझा आक्षेप ‘नैराश्या’लाच आहे. भागवतात, पिंगलेच्या कथेत, ‘आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्’ असं आलं आहे. तिथे नैराश्य म्हणजे आशेच्या पाशातून सुटका. तोच शब्द आपण या आजाराला लावला. खरा शब्द ‘अवसाद’. सद् धातू, म्हणजे खाली बसणं, खचणं. विषाद त्यातलाच, विषण्णही. आणि प्रसन्नसुद्धा! गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ‘सीदन्ति मम गात्राणि’ म्हणतो, तेही क्रियापद हेच. पुढे गांडीव हातातून गळतं. पाषाणकरांचा ब्रश वाचताना मला तेच आठवलं.

मंचरवाली
धातुपाठकाका, अर्जुनाचं पटलं. ‘अवसाद’ नाही पटला. तो हिंदी बातम्यांतला शब्द, आमच्याकडे कुणाला कळणार? मी समुपदेशनाचं काम करते. बायांना विचारलं, ‘नैराश्य येतं का?’ तर ‘नाय वो ताई’ म्हणतात. ‘झोप लागते का? भाकरी थापावीशी वाटते का?’ असं विचारलं की डोळ्याला पदर लागतो. त्यांचे शब्द ‘कशात जीव रमत नाही’, ‘डोकं सुन्न’, ‘हाय खाल्ली’. आणि ज्यांना डॉक्टरांनी नाव सांगितलंय, त्या सरळ ‘डिप्रेशन’ म्हणतात. बीपी आणि शुगर चालतात, मग डिप्रेशननेच काय बिघडलं?

धातुपाठ
बिघडत काहीच नाही, पण ‘चालतं’ म्हणत म्हणत आपण प्रत्येक नाजूक गोष्टीचा शब्द बाहेरून आणतो आणि आपला गंजू देतो. तुकोबांचं ‘मन करा रे प्रसन्न’ मुलांना पाठ असतं, प्रसन्न आणि विषण्ण ही सख्खी भावंडं आहेत हे माहीत नसतं.

पाषाणकर
काका, शब्दाचं मूळ कळलं, आनंद झाला. पण ती ओळ मला रोज दोन-तीन जण व्हॉट्सॲपवर पाठवायचे. तुकोबांवर माझं प्रेम आहे. तरी त्या दिवसांत ‘करा रे’ ऐकलं की वाटायचं, तेवढंही आपल्याला जमत नाही. आई म्हणते, ‘निराश तर मीही होते रे, तुझं ते तसलं नव्हतं.’ म्हणून मला ‘नैराश्य’ तोकडा वाटतो.

भिकारदास मारुतीजवळ
‘स्टिग्मा’ला, म्हणजे आजारामुळे माणसाकडे वाईट नजरेने बघण्याला, मराठी शब्द शोधतानाही हीच अडचण. सरकारी पत्रकांत ‘कलंक’ लिहितात. कलंक चंद्राचा असतो, म्हणजे त्याच्याच अंगावरचा. (वनस्पतिशास्त्रात स्टिग्माला ‘कुक्षी’ म्हणतात, ते इथे कामाचं नाही.) मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोचून उमटवलेली खूण. त्याला आपला ‘शिक्का’ जवळचा. ‘वेडा म्हणून शिक्का बसला’ असं आपण म्हणतोच, आणि शिक्का म्हटलं की तो मारला कुणी, हे विचारता येतं.

शनिवारातली
शिक्का फार आवडला. पुण्यात तो एका गावाच्या नावाने मारतात : ‘ह्याला येरवड्याला पाठवा.’

कॅम्पातला
पण ते तुरुंगाबद्दल ना? आम्ही लहानपणी त्याच अर्थाने म्हणायचो.

शनिवारातली
नाही हो. येरवड्यात तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही आहेत, पण आमच्या वाड्यात अर्थ एकच होता. माझी काकू दोन महिने तिथे होती, तेव्हा घरी सांगितलं जायचं, ‘माहेरी गेलीय.’ ती परत आली ती हातात स्वतः विणलेली पिशवी घेऊन. कुणी पिशवीबद्दलही विचारलं नाही. मी आठ वर्षांची होते. अजून वाटतं, मी तरी विचारायला हवं होतं.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे त्यासाठी नागपूरचं नाव घेतात. मुंबईकडचे ठाण्याचं घेतात, कोकणातले रत्नागिरीचं. जिथे मनोरुग्णालय, त्या गावाची म्हण झाली. कायद्याने तरी भाषा बदलली. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’, म्हणजे वेडेपणा, होतं, २०१७ च्या कायद्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ आहे. आधी व्यक्ती, असं हवं.

धातुपाठ
मराठीत विशेषण आधीच येतं, तेव्हा ‘आधी व्यक्ती’ हा आग्रह आपल्या वाक्यरचनेत...

मंचरवाली
काका, राहू द्या ना. त्या काकूंचं वाचा आधी.

पाषाणकर
बोर्डावर सध्या खडूने लिहिलंय : ‘डिप्रेशनमधून उठताना – आपले एक सभासद’. सेक्रेटरींना अजून ‘मात’च हवंय, म्हणतात, लोकांना उभारी मिळते. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाकलाय, त्यावर वाद झाला नाही. शनिवारातली, काकूंची पिशवी हॉलमध्ये सांगितली तर चालेल का? नाव न घेता.

शनिवारातली
सांगा. नाव घेतलंत तरी चालेल, मी कळवते.

कॅम्पातला
ते ‘हुशारी’ फारसीतून आलं ना? होश, होशियार. म्हणजे शुद्धीवर येणं. आमच्याकडे तापानंतरच म्हणतात. मनाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला कुणी कधी ‘हुशारी वाटते का?’ असं विचारलेलं ऐकलंय का कोणी?