[मंडळ] [घर] सोमवारी प्लास्टर आहे, डेटाची केबल विजेच्याच झिरीत टाकू का?

प्रेषक: हॅरोकर

मंडळी, घाईचं आहे. सोमवारी सकाळी प्लास्टरवाला येतोय. विजेच्या वायरी ओढून झाल्या, डेटाची एकही केबल अजून पडलेली नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, कॅट-6 (नेटवर्कची केबल) त्याच झिरीतून, म्हणजे भिंतीत खोदलेल्या चरातून, खाली सोडू, दुसरी झिरी मारण्यात वेळ जाईल. आतल्या भिंती साडेचार इंची. एकूण 16 पॉइंट, सगळे जिन्याखालच्या कपाटात येणार. जॉइस्टमधली (जमिनीच्या फळ्यांखालच्या लाकडी तुळयांमधली) भोकंही तीच वापरू का? वायफायवर भागवायचं नाही हे ठरलेलं आहे, त्यामुळे तो विषय नको.

---

प्रेषक: वॉटफर्डकर

हॅरोकर, एका झिरीत टाकू देऊ नका. बीएस 6701 (इथलं, ब्रिटनचं, डेटा केबलींचं मानक) प्रमाणे विजेची आणि डेटाची केबल यांच्यात 50 मिमी अंतर हवं, नाहीतर मध्ये अवाहक अडसर. नेट मंद होईल म्हणून हा नियम आहे असं बरेच जण धरून चालतात. पण ते दुय्यम. डेटा केबलीतल्या पीळ घातलेल्या जोड्या विजेच्या वायरीसोबत दोन-अडीच मीटर गेल्या तर सहसा काही बिघडत नाही. मुख्य भीती वेगळी: उद्या कुणी चित्र टांगायला स्क्रू मारला आणि तो दोन्ही केबलींतून गेला, तर 230 व्होल्ट डेटाच्या तारेवर येतात आणि पॅचकॉर्डला (सॉकेटात खोचायच्या छोट्या केबलीला) हात लावणाऱ्यापर्यंत पोचू शकतात.

आता झिरीचं माप. वीट 102.5 मिमी. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांश खोल, म्हणजे 34 मिमीपर्यंत. आडवी एक षष्ठांश, म्हणजे जेमतेम 17. 25 मिमीचा पाइप उभ्या झिरीत बसतो, आडव्या झिरीत बसतच नाही. म्हणून भिंतीतून आडवं जायचंच नाही. फळ्यांच्या खालून केबल आणा आणि सॉकेटच्या नेमकी खालून सरळ वर चढवा. भिंतीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ बॉक्सही नकोत. 35 मिमी खोल दोन बॉक्स समोरासमोर आले तर मध्ये जेमतेम 32 मिमी वीट उरते आणि ती फुटते.

जॉइस्टला नवी भोकं पाडा. 200 मिमी उंचीच्या जॉइस्टला मध्यरेषेवर जास्तीत जास्त 50 मिमीचं भोक चालतं, तेही टेकूपासून गाळ्याच्या (दोन टेकूंमधल्या लांबीच्या) 0.25 ते 0.4 पट अंतरातच. गाळा 3.6 मीटर असेल तर भिंतीपासून 90 सेमी ते 1.44 मीटर. दोन भोकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत व्यासाच्या तिप्पट अंतर हवं. 25 मिमीची भोकं 75 वर पाडली की कडेपासून कडेपर्यंत बरोबर 50 उरतात. लाकडाचा नियम आणि केबलचा नियम, दोन्ही एकाच मापात सांभाळले जातात. हे इलेक्ट्रिशियनला कागदावर काढून दाखवा, तो ऐकेल.

---

प्रेषक: स्लावकर (ताई)

> 25 मिमीचा पाइप उभ्या झिरीत बसतो

काका, कुठला पाइप तेही लिहायला हवं. गोल पीव्हीसी, 25 चा. त्यात कॅट-6 च्या 4 केबली आरामात जातात. 20 च्यात दोनच धरा. खाली वळताना तयार एल्बो लावू नका. कॅट-6 ला व्यासाच्या चौपट, म्हणजे साधारण 25 मिमी त्रिज्येचं वळण लागतं, ते एल्बोत मिळत नाही आणि केबल तिथेच अडकते. पाइपात स्प्रिंग घालून गुडघ्यावर हळूहळू वाकवा. दोन टोकांमध्ये दोनपेक्षा जास्त काटकोन नकोत. केबल ओढून झाल्यावरही आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

केबलीच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, एक तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरट दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते पंच करताना (सॉकेटात दाबून बसवताना) तुटतं, आणि कॅमेऱ्याला किंवा छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला (वायफायच्या पेटीला) त्याच केबलीतून वीज द्यायची असेल तर जास्त तापतं. परत करा.

---

प्रेषक: वेम्ब्लीकर

ताई, सगळ्या घरभर पाइप कशाला? प्लास्टरखाली गाडली जाणारी उभी लांबी फक्त पाइपात घाला. फळ्यांखाली केबल मोकळी, सैल क्लिपवर चालते, फळी उचलली की हाताशी येते. आणि 6ए (कॅट-6 च्या वरची जात) घ्या असं कुणी सुचवायच्या आत लिहितो: कॅट-6 वर 10 गिगाबिट 55 मीटरपर्यंत जातं, सेमी (एका बाजूने जोडलेल्या) घरात 30 मीटरची ओढ क्वचितच निघते. 6ए जाड असते, 35 मिमीच्या बॉक्समध्ये दोन मागे वळवताना हाल होतात. 16 ओढी सरासरी 15 मीटरच्या धरल्या तर 240 मीटर. 305 चा एक डबा पुरतो, दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर जास्त सोडूनसुद्धा.

---

प्रेषक: स्लावकर (ताई)

घरभर कुठे म्हटलं मी? पण फळ्यांखालून भिंतीत शिरतानाचं वळण पाइपातच हवं. तिथे विटेची धार केबल कापते. तेवढा भाग सोडू नका.

---

प्रेषक: क्रॉयडनकर

जिन्याखालचं कपाटच बरं. लॉफ्टमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) नेऊ नका, घरगुती नेटवर्क स्विचवर बहुधा 40 अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि जुलैत लॉफ्ट तिच्या वर जातं. फायबरची पेटी सहसा पुढच्या दारापाशी येते. तिथून कपाटापर्यंत दोन केबली आणि पेटीजवळ एक डबल सॉकेट आत्ताच ठेवा. फोनचे जुने एक्स्टेन्शन पुन्हा बसवू नका, तांब्यावरची जुनी फोनसेवा जानेवारी 2027 अखेर बंद होते आहे.

लॉफ्टवरून आठवलं. वरच्या खोल्यांची सॉकेट-रिंग (सगळ्या सॉकेटांना जोडून परत फ्यूजबोर्डाला येणारी वायर) लॉफ्टमधून गेली आहे का? 2.5 चौ. मिमीची ट्विन-अँड-अर्थ (दोन तारा आणि अर्थची चपटी केबल) 100 मिमीपेक्षा जास्त इन्सुलेशनखाली गेली की तिची क्षमता 17 अँपिअरवर येते. 32 अँपिअरच्या रिंगला निदान 20 लागते. हल्ली 270 मिमी लोकर पसरतात, म्हणजे केबल हमखास गाडली जाते. एक तर ती लोकरीच्या वर उचलून लाकडाला क्लिप करा, नाहीतर तेवढा भाग 4 चा घाला, त्याला तिथे 22 मिळतात. पांढऱ्या थर्मोकोलला पीव्हीसी केबल टेकू देऊ नका, आवरण कडक होऊन तडकतं.

---

प्रेषक: यादी व्यवस्था

विषयात [घर] लिहिल्याबद्दल आभार. केबल टेस्टर आणि पंच टूल मंडळाच्या सामानात आहेत, पण त्यांची नोंद माझ्याकडे होते. कुणी परस्पर नेऊ नये, परस्पर दुसऱ्याला देऊ नये. गणपतीच्या रोषणाईची एक्स्टेन्शन केबल घरकामासाठी मिळणार नाही, हे मागच्याच सभेत ठरलं आहे.

---

प्रेषक: हॅरोकर

सर्वांचे आभार. इलेक्ट्रिशियन वेगळ्या झिरीला तयार झाला. टेस्टर शनिवारी नेतो, नोंद करून. रिंग लॉफ्टमध्ये नाही, फळ्यांखालीच आहे. एक राहिलं: बटणांच्या बॉक्समध्ये न्यूट्रल नाही. पुढे स्मार्ट स्विच लावायचे झाले तर?

---

प्रेषक: वॉटफर्डकर

इथल्या जुन्या पद्धतीत न्यूट्रल सीलिंग रोझमध्येच (छतावरच्या दिव्याच्या जोडणीच्या डबीत) थांबतो. बटणाला फक्त लाइव्ह आणि स्विच्ड लाइव्ह (बटणातून दिव्याकडे परत जाणारी तार) पोचते. झिरी उघडी आहे तोवर रोझ ते बटण ही ओढ थ्री-कोर-अँड-अर्थने (तीन तारा आणि अर्थच्या केबलीने) बदलून घ्या. न्यूट्रलच्या कोरला निळी स्लीव्ह, स्विच्ड लाइव्हला तपकिरी, दोन्ही टोकांना. बॉक्स 25 चे असतील तर 35 चे बसवा, बरेच स्मार्ट स्विच 25 मध्ये मावत नाहीत.

रविवारी प्लास्टरच्या आधी दोन गोष्टी. विजेच्या प्रत्येक सर्किटची 500 व्होल्टवर इन्सुलेशन टेस्ट त्याच्याकडून समोर करून घ्या. 1 मेगाओमच्या खाली काही आलं तर ती केबल झाकू देऊ नका. नवी वायरिंग शेकडो दाखवते, तेव्हा 5-10 आलं तरी कुठेतरी क्लिप रुतली आहे असं समजून शोधा. डेटाच्या 16 केबलींना दोन्ही टोकांना एकच नंबर लावा, आठही तारांचा क्रम टेस्टरवर बघा, पंच करताना जोडीचा पीळ 13 मिमीपेक्षा जास्त सोडू नका. मग प्रत्येक भिंतीवर टेप धरून फोटो, जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं माप दोन्ही दिसेल असा.