विषय: [मंडळ] बेसमेंटची एकच भिंत रंगवलीय, परवा इन्स्पेक्शन, तातडीचं

प्रेषक: मिनू
गुरुवार, रात्री ११:४०

मंडळी, घर विकत घ्यायची आमची ऑफर मंजूर झाली. इन्स्पेक्शन परवा सकाळी ९ ला, त्यानंतर हो-नाही कळवायला जेमतेम चार दिवस.

वरचं ठीकठाक वाटतंय, घोळ बेसमेंटचा आहे. चारपैकी एकच भिंत, मागच्या अंगणाकडची, नवीकोरी रंगवलीय. बाकी तीन जुनाट पिवळट. कोपऱ्यात डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र, घरघरतोय आणि त्याची नळी थेट मोरीत सोडलीय. एजंटबाई म्हणाल्या, "अहो, सगळ्यांकडेच असतो." असतो का? रंगाखाली ओल आहे की नाही, कसं ओळखायचं? नाना, तुमचं घर घेताना तुम्ही काय केलं होतं?

प्रेषक: नाना
शुक्रवार, सकाळी ६:०५

मिनू, एकच भिंत कोणी हौसेने रंगवत नाही.

टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धर, रंगाखालचे फुगवटे सावलीत दिसतात. भिंत जमिनीला मिळते तिथे पांढरी पूड असेल तर चिमूटभर पाण्यात टाक. विरघळली तर खार. पाणी भिंतीतून आत येऊन सुकतं आणि क्षार मागे ठेवून जातं. पुसून टाकता येतं, म्हणून कपाटामागेही बघ.

भेगा: उभी, केसाएवढी असेल तर बहुधा काँक्रीट सुकताना पडलेली. पण भिंतीच्या मध्यावर आडवी भेग आणि भिंत आत पोट काढून आलेली, म्हणजे बाहेरची माती ढकलतेय. तिथे इन्स्पेक्टरवर थांबू नकोस, स्ट्रक्चरल इंजिनियर बोलाव.

आणि फर्नेसचे, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचे, पाय बघ. भिंतीला रंग मारतात, फर्नेसच्या पायांना कोणी मारत नाही.

शेवटी प्लास्टिकची चाचणी. दीड फुटाचा चौकोन चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा, दिवसभर ठेवायचा. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर हवेतला दमटपणा, भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतच ओली.

प्रेषक: बापू
शुक्रवार, सकाळी ८:३०

नानांचं प्लास्टिक कोऱ्या काँक्रीटवर ठीक. नव्या रंगावर नाही. वॉटरप्रूफ रंग असला तर पाणी त्याच्यामागेच अडतं, प्लास्टिक कोरडं राहतं आणि तुम्ही खुशीत सही करता. शिवाय मालक घरात राहतोय, दिवसभर त्याच्या भिंतीवर टेप कोण लावू देईल?

इन्स्पेक्टरकडे मॉइश्चर मीटर असतो. त्या भिंतीच्या लाकडी स्कर्टिंगवर (तळाशी ठोकलेली पट्टी) आणि समोरच्या भिंतीच्या स्कर्टिंगवर, दोन्हीकडे लावायला सांग. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा म्हणजे कुजायला आमंत्रण. दोन आकड्यांतला फरकच खरं बोलतो.

आणि आधी बाहेर जा! पाणी बाहेरून येतं. घरापासून पहिल्या १० फुटांत जमीन किमान ६ इंच उतरायला हवी.

प्रेषक: नाना
शुक्रवार, सकाळी ८:४७

बापू, मी चिकटवलं होतं आणि मालकाने चिकटवू दिलं होतं. तुम्ही तेव्हा मंडळात नव्हतात.

प्रेषक: माई
शुक्रवार, दुपारी १:१५

नळी मोरीत सोडलीय म्हणतेस, ती मोरी पुढे कुठे जाते ते कोणी विचारलंच नाही! आमचा इन्स्पेक्शनचा अहवाल ४२ पानी होता. नळांच्या तोट्यांचे फोटोसुद्धा. तिसऱ्या महिन्यात, घरात पाहुणे, वर आंघोळ चाललीय आणि खाली मोरीतून पाणी उलटं वर आलं. साधं पाणी नव्हे हो. समोरच्या झाडाची मुळं मातीच्या जुन्या पाइपात शिरलेली, केसांच्या गुंत्यासारखी. अहवाल पुन्हा काढला तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: जमिनीखालचे पाइप तपासलेले नाहीत.

पाइपात कॅमेरा घालणारा माणूस वेगळा बोलवावा लागतो. आजच फोन कर.

प्रेषक: लिस्टवाला
शुक्रवार, दुपारी ३:००

पुन्हा एकदा सांगतो, ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे. त्या हीटरच्या चर्चेनंतर ठरलं होतं की घराचे प्रश्न विषयात [घर] लिहून पाठवायचे. आणि रविवारी हॉलच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, याचं उत्तर अजून नाही.

(मिनू, अ‍ॅटिकमध्ये, छपराखालच्या माळ्यावर, डोकं घाल. आमच्याकडे बाथरूमच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर न काढता अ‍ॅटिकमध्येच सोडला होता. तेवढ्या भागातल्या फळ्या बुरशीने काळ्या, खिळे गंजलेले. आम्ही वर्षभर छप्पर गळतंय म्हणून छपरवाल्याला शिव्या घातल्या.)

प्रेषक: बाळ्या
शुक्रवार, दुपारी ३:२०

किल्ल्या माझ्याकडे. परवाच सांगितलं होतं.

प्रेषक: बापू
शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

इन्स्पेक्टर एजंटने सुचवलेला आहे का? असेल तर बदल. सौदा मोडणाऱ्याला एजंट परत बोलावत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

प्रेषक: माई
शुक्रवार, संध्याकाळी ६:२५

आमचा एजंटनेच सुचवलेला होता आणि चांगला होता हो. पाइप तपासणं त्याच्या कामातच नव्हतं.

प्रेषक: नाना
शुक्रवार, संध्याकाळी ७:००

कोणीही असो, त्याच्या मागे मागे फिर. तोंडाने सांगतो ते सगळं अहवालात येत नाही. आज रात्री पाऊस आहे, नशीबवान आहेस.

प्रेषक: मिनू
शनिवार, दुपारी २:५०

आत्ताच आलो. इन्स्पेक्टर आमचा आम्हीच शोधलेला.

बापू, आधी बाहेर गेलो. मागच्या पन्हळीचा पाइप भिंतीच्या पायाशीच तोंड उघडून संपतो, रात्रीच्या पावसाचं तिथे तळं. अंगणाचा उतार घराकडे. रंगवलेल्या भिंतीच्या स्कर्टिंगवर मीटर २६, समोरच्या भिंतीवर ११. आडवी भेग नाही, उभी एक आहे, केसाएवढी. इन्स्पेक्टर म्हणाला, भिंत मजबूत आहे, पाणी बाहेर चुकतंय. पाइप सहा-सात फूट लांब न्यायचा, भिंतीलगत माती भरून उतार फिरवायचा, मग दोन-चार मोठे पाऊस जाऊ द्यायचे.

मालकाने लिहून दिलंय की बेसमेंटमध्ये कधीच पाणी आलेलं नाही. आता दुरुस्ती त्याच्याकडून करून घ्यावी की पैसे कमी करून मागावेत?

प्रेषक: बापू
शनिवार, दुपारी ३:०५

पैसे माग. जाणारा माणूस काम स्वस्तात उरकतो.

प्रेषक: माई
शनिवार, दुपारी ३:१०

कॅमेरा?

प्रेषक: नाना
शनिवार, दुपारी ३:१२

फर्नेसचे पाय?

प्रेषक: मिनू
शनिवार, दुपारी ३:३०

माई, कॅमेरावाला सोमवारी.

नाना, चारही पायांना तीन बोटं गंज. सगळीकडे एकाच उंचीला.