फ्रेंड्स हाउसमधल्या खोलीवरून विल्यम पेनचं नाव गेलं, बेंजामिन लेचं लागलं. क्वेकरांनी बरोबर केलं का?

बोर्नव्हिलकर

क्वेकर म्हटलं की आपल्याकडे आधी ओट्सचा डबा आठवतो. त्या डब्याचा आणि या लोकांचा काही संबंध नाही, अमेरिकेत १८७७ साली ते नाव उचललं गेलं कारण क्वेकर माणूस म्हणजे चोख व्यवहार अशी ख्याती होती. खरे क्वेकर म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे गेलेली माणसं, ती स्वतःला फ्रेंड्स म्हणतात. इथे पाद्री नाही, वेदी नाही, युद्धाला ठाम नकार. मी बर्मिंगहॅमच्या बोर्नव्हिल भागात राहते, हा भागच मुळी कॅडबरी या क्वेकर कुटुंबाने वसवलाय, आणि शेजारच्या आजींबरोबर गेली तीन वर्षं मी रविवारी मीटिंगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला, जाते. मेंबर नाही, घरी गणपती बसतात माझ्या. पण गोलाकार खुर्च्या, मधे टेबलावर फुलं, कुणीच काही बोलत नाही, कधीतरी एखादा उठून दोन वाक्यं बोलतो आणि बसतो, तासाने दोघं जण हात मिळवतात की संपलं, हा तास मला आता लागतो.

तर विषय असा. लंडनला युस्टन स्टेशनजवळ फ्रेंड्स हाउस आहे, ब्रिटनच्या क्वेकरांचं मुख्यालय. तिथल्या एका खोलीला पेन्सिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनचं नाव होतं. २०२१ मध्ये ते बदलून बेंजामिन लेचं दिलं, कारण पेनने गुलाम ठेवले होते.

हा ले कोण तर एसेक्समधला, जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला बाक असलेला माणूस. बार्बाडोसला दुकान चालवत असताना गुलामांची उपासमार आणि फटके त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि नंतर तो कधीच गप्प बसला नाही. १७३८ साली अमेरिकेत बर्लिंग्टनला क्वेकरांच्या वार्षिक सभेत हा साध्या अंगरख्याखाली लष्करी पोशाख आणि तलवार घालून गेला, हातात पोखरलेलं पुस्तक, त्यात जनावराच्या मूत्राशयात भरलेला लालभडक बेरीचा रस. जे आपल्यासारख्याच माणसांना गुलाम करतात त्यांचं रक्त देव असंच सांडेल असं ओरडून त्याने तलवार पुस्तकात खुपसली, रस आजूबाजूच्यांच्या कपड्यांवर उडाला, लोकांनी त्याला उचलून बाहेर नेलं. पंथाने त्याला काढून टाकलं. आमच्यात नाही म्हणून. हे शब्द मागे घ्यायला २०१८ साल उजाडलं.

माझं म्हणणं, नाव बदललं ते शंभर टक्के बरोबर झालं. कारण क्वेकरांची मासिकं, यूट्यूबवरचं क्वेकरस्पीक (ते मी आवडीने बघते), सगळीकडे आपण गुलामगिरीच्या विरोधात किती लवकर उभे राहिलो हे अभिमानाने ऐकू येतं. खरंच आहे ते. १६८८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी लेखी निषेध केला होता. पण तो कागद मासिक सभेकडून तिमाही सभेकडे, तिथून वार्षिक सभेकडे गेला, प्रत्येकाने विषय फार जड आहे म्हणून पुढे ढकलला आणि शेवटी तो कपाटात पडला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने मेंबरांना गुलाम ठेवायला बंदी केली ती १७७६ साली. मधे ८८ वर्षं गेली. १६८८ ची गोष्ट सांगायची असेल तर ती ८८ वर्षंही त्याच दमात सांगायला हवीत, आणि दारावरचं नाव हे सांगायची एक जागा आहे.

चिंचेचा पार

ताई, लेबद्दल छान लिहिलंत, पण सहमत नाही.

पेन म्हणजे फक्त गुलाम ठेवणारा असं करून कसं चालेल. १६७० साली लंडनमध्ये सरकारने मीटिंग हाउसला कुलूप लावलं म्हणून तो ग्रेसचर्च स्ट्रीटवर रस्त्यात उभा राहून बोलला, त्याला आणि विल्यम मीडला पकडलं. ज्युरी दोषी म्हणेना. तर न्यायाधीशाने ज्युरींनाच रात्रभर कोंडलं, अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही. तरी ते हलले नाहीत. दंड झाला, बुशेल नावाचा ज्युरर आणि त्याचे साथीदार तुरुंगात गेले, आणि त्यातूनच वरच्या कोर्टाने ठरवलं की निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येत नाही. आज इंग्लंड-अमेरिकेत कुठलाही आंदोलक ज्युरीपुढे उभा राहतो तो या खटल्याच्या जोरावर.

आणि हे जुनंपुराणं नाही. २७ मार्च २०२५ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर मीटिंग हाउसचं दार तोडून वीसपेक्षा जास्त पोलिस आत शिरले, यूथ डिमांड नावाच्या गटाने भाड्याने घेतलेल्या खोलीतून सहा जणींना धरून नेलं. त्या वेळी क्वेकरांना कोणाची आठवण यायला हवी? पेनचीच ना? लेनापी आदिवासींची जमीन लाटली तो १७३७ चा दगाफटका त्याच्या मुलांचा, तो तर तेव्हा हयातही नव्हता. माणूस अख्खा सांगा. पाटी काढली की पुढची पिढी विचारतसुद्धा नाही की हा कोण होता.

बोर्नव्हिलकर

काका, खटल्याचा मुद्दा मान्य आणि तो मी लिहायला हवा होता. पण पाटी लावली म्हणून कोणी खटला वाचत नव्हतं हो, इतकी वर्षं तिथे मीटिंगा होत होत्या, लोक चहा घेऊन आत जात होते. नाव बदललं तेव्हा कितीतरी जणांनी पहिल्यांदा विचारलं की पेनने काय केलं होतं. आणि हे घर त्यांचं आहे. रस्त्यावरचा पुतळा असता तर मी कदाचित तुमच्या बाजूने असते.

दुसरी बाजू

मला तुम्हा दोघांचंही पटत नाहीये, कारण तुम्ही पेन की ले यावर भांडताय आणि ती ८८ वर्षं का लागली हे कोणीच विचारत नाहीये. क्वेकर मतदान घेत नाहीत. सभेचा कल एका दिशेला गेला असं क्लार्कला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला, वाटेपर्यंत थांबायचं. ऐकायला फार सुंदर. पण ज्या सभेत अर्ध्या लोकांच्या घरी गुलाम आहेत तिथे सगळे तयार होईपर्यंत थांबायचं म्हणजे मालकांच्या हातात नकाराधिकार दिला की. गुलाम तर त्या खोलीत नव्हताच बोलायला. जर्मनटाउनचा कागद याच पद्धतीने मेला. लेला हाकललं तेही याच पद्धतीने, कारण तो शांतता मोडत होता. ती पद्धत आजही जशीच्या तशी चालू आहे आणि तुम्ही मात्र खोलीच्या नावावर खूश.

आणि बोर्नव्हिलचंच घ्या. साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरचा कोको गुलामांच्या हातचा आहे हे विल्यम कॅडबरीच्या कानावर १९०१ मध्ये आलं. खरेदी थांबवली १९०९ मध्ये. मधे चौकशी, माणूस पाठव, परराष्ट्र खात्याशी बोल, पोर्तुगीजांना समजाव. त्याच काळात जॉर्ज कॅडबरीच्या मालकीचं डेली न्यूज दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांच्या हालांवर रान उठवत होतं. १९०८ मध्ये स्टँडर्ड या पेपरने नेमकं यावर बोट ठेवलं की दुसऱ्यांच्या मजुरांसाठी रडता आणि स्वतःच्या कोकोचं काय. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, बर्मिंगहॅमलाच चालला. ज्युरी म्हणाली हो, बदनामी झाली, आणि भरपाई दिली एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी! बारा सामान्य माणसांनी त्या सगळ्या सावकाश चांगुलपणाची किंमत एका नाण्यात सांगितली. या सावकाशीबद्दल बोला, पाटीचं नंतर बघू.

नैरोबीकर

वाचतोय. एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तुम्ही सगळे ज्यांना क्वेकर म्हणताय ते ब्रिटनमधले बारा हजारांच्या आसपास मेंबर. जगात क्वेकर चारेक लाखांच्या घरात आणि त्यातले सगळ्यात जास्त इथे केनियात. १९०२ ला अमेरिकन मिशनरी पश्चिम केनियात काइमोसीला आले तिथपासूनची गोष्ट आहे ही. माझ्या ऑफिसमधला लुह्या जमातीचा सहकारी तिसऱ्या पिढीचा क्वेकर आहे, त्याच्याबरोबर एकदा चर्चला गेलो तर पास्टर आहे, प्रवचन आहे, गाण्याचा ग्रुप असा की छप्पर उडेल, तीन तास झाले तरी कोणी घड्याळ बघत नाही. मी त्याला विचारलं तुमच्यात शांत बसतात ना, तर म्हणाला बसतो की, मधे थोडा वेळ.

त्याला पेन-लेच्या खोलीचं काहीही पडलेलं नाही. त्याचा राग वेगळा आहे आणि मला तो रास्त वाटतो. इंग्रजीतलं क्वेकर मासिक उघडा किंवा व्हिडिओ बघा, पांढरे केस, गोरी माणसं, लाकडी बाकं, शांतता. बहुसंख्य कोण आणि दिसतं कोण? मतभेदही खोल आहेत, ब्रिटनने २००९ मध्ये समलिंगी विवाह आपल्या मीटिंगमध्ये लावायचं ठरवलं, इथल्या चर्चेसना ते अजिबात मान्य नाही (मला स्वतःला ब्रिटनचं पटतं, पण ते असो). इतिहास दुरुस्त करतानासुद्धा आरशात स्वतःलाच बघत बसले तर ते अर्धवटच राहणार.

नर्मदाकाठ

मी होशंगाबादची, आताचं नर्मदापुरम. घरात मराठी, बाहेर हिंदी. आमच्याकडे क्वेकर मिशन एकोणिसाव्या शतकातच आलं. दुष्काळातली अनाथ मुलं त्यांनी सांभाळली आणि त्यातली बरीच ख्रिस्ती झाली, यावर गावात आजही दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंचं मला कळतं. भुकेल्या मुलाला निवड कुठे असते.

पण आमच्याजवळचं रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटरही त्याच पंथाचं. मार्जरी साइक्स या इंग्लंडहून आलेल्या क्वेकर शिक्षिका तिथे राहिल्या, त्याआधी त्या गांधीजींच्या सेवाग्रामला नयी तालीमचं काम करत होत्या, म्हणजे आपल्या वर्ध्याला. आणि १९७२ मध्ये या रसुलिया केंद्राने आणि किशोर भारती या संस्थेने मिळून १६ सरकारी शाळांमध्ये विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू केला, पाठांतर नाही, मुलांनी स्वतः करून बघायचं. पुण्याचे अरविंद गुप्ता ज्या काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या खेळण्यांनी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, ते खेळणं त्यांना १९७८ मध्ये याच कामात सुचलं. मी सहावीत असताना त्या नळीचे बारीक तुकडे कापून त्यात काड्या खुपसून त्रिकोण केला होता आणि सरांनी विचारलं चौकोन दाबून बघ, काय होतं. चौकोन लडबडला, त्रिकोण जागचा हलला नाही. ते अजून बोटांत आहे माझ्या. त्या वर्गात कोणी कोणाचा धर्म विचारला नाही.

म्हणून मला नावाचा मुद्दा दुय्यम वाटतो. अमेरिकेत क्वेकरांनी आदिवासी मुलांच्या निवासी शाळा चालवल्या, मुलांची भाषा बंद केली, केस कापले. अलास्कातल्या केक नावाच्या गावाची तिथल्या फ्रेंड्सनी माफी मागितली आणि २०२४ मध्ये सुमारे ९३ हजार डॉलर दिले, जखमा भरून काढायचं केंद्र उभारायला. ब्रिटनच्या वार्षिक सभेनेही २०२२ मध्ये गुलामांच्या व्यापाराची भरपाई करायचं तत्त्वतः ठरवलंय. खोलीचं नाव फुकट बदलता येतं. पैसे देताना कळतं.

बोर्नव्हिलकर

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

दुसरी बाजू, तुमचा नकाराधिकाराचा मुद्दा मला लागला आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त आतून काय दिसतं ते सांगते. आमच्या मीटिंगमध्ये गॅसचं हीटिंग काढायचं की नाही यावर चार महिने चाललं होतं. मी मेंबर नाही म्हणून क्लार्कची परवानगी घेऊन बसले होते. प्रत्येक जण बोलला की थोडा वेळ शांतता, मग पुढचा. क्लार्क तिथेच बसून ठराव लिहितात, मोठ्याने वाचतात, आणि मंजूर म्हणायच्या ऐवजी लोक म्हणतात "होप सो", आशा आहे. एका गृहस्थांना पटलेलं नव्हतं, ते म्हणाले मी सहमत नाही पण आडवा येणार नाही. हरलेलं कोणी घरी गेलं नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या जॉन वुलमन या क्वेकराने हेच केलं होतं, क्वेकर मालकांच्या घरोघर जाऊन बसायचा, त्यांच्या गुलामांनी सेवा केली तर त्यांच्या हातात पैसे ठेवायचा, आणि १७७६ चा ठराव झाला तो अशा घरभेटींवर झाला. पण हीटिंग चार महिने थांबू शकतं. माणूस साखळीत असेल तर चार महिनेही फार, हे मला आज तुमच्यामुळे नीट दिसलं. लेसारखा एखादा रस उडवणारा नसता तर वुलमनसाठी दार उघडलं असतं का, मला नाही वाटत.

नैरोबीकर, तुमच्या सहकाऱ्याचं खरं आहे, मी तीन वर्षांत केनियाचं नाव मीटिंगमध्ये दोनदा ऐकलं असेल. नर्मदाकाठ, पैशाचं पटलं, तरी मी नाव आणि पैसे यात निवड करणार नाही, दोन्ही हवंत.

पाव पेनीची गोष्ट मला माहीत नव्हती. रोज कारखान्यावरून जाते, वास येतो, आणि माहीत नव्हती. पुढच्या महिन्यात इथे मुलांसाठी कॅडबरी कुटुंबावर कार्यक्रम ठरलाय, घरं, बागा, खेळाची मैदानं वगैरे. साओ टोमेची ती आठ वर्षं आणि तो फार्दिंग त्यात घेता येईल का ते मी विचारणार आहे. क्लार्कना आधी कळवावं लागतं, आज रात्रीच मेल करते.

चिंचेचा पार

जरूर करा. आणि जमलं तर १६७० च्या त्या कोंडलेल्या ज्युरींचंही घाला, मुलांना आवडेल. खोलीबद्दल माझं मत तेच आहे.