क्रिएटिन घ्यायचंय, मग एचसीएलला जादा पैसे कशाला?

डिचोलीकर_लिफ्टर: क्रिएटिन म्हणजे ताकदीसाठी घेतात ती पावडर, मोनोहायड्रेट आणि एचसीएल (हायड्रोक्लोराइड) हे तिचे दोन प्रकार. आमच्या जिममधे सध्या सगळे एचसीएलच्या मागे लागलेत, मोनोहायड्रेट म्हणे जुनं झालं, अंगात पाणी धरतं. मला हे अजिबात पटत नाही. सगळ्यात जास्त अभ्यास मोनोहायड्रेटवर झालेत आणि रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं की तीन-चार आठवड्यात स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरतो, लोडिंग (सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस) पण लागत नाही. पाणी धरतं ते मुख्यतः स्नायूच्या आत, त्याला सूज म्हणू नका रे. नवीन पोरं उगाच महागडा डबा घेतात हे बघून वाईट वाटतं.

म्हापसा_७४किलो: सरसकट असं नको बोलूस. मला ५ ग्रॅम मोनो एकदम घेतलं की पोट बिघडतं, ग्लासाच्या तळाला रेतीसारखा थर राहतो तो वेगळाच. एचसीएल पाण्यात लगेच विरघळतं, डोस पण छोटा. जादा पैसे मी त्याचेच देतो.

डिचोलीकर_लिफ्टर: विरघळतं चांगलं, मान्य. पण डोस छोटा म्हणजे आत जाणारं क्रिएटिनही कमी ना? मोनोत वजनाच्या साधारण ८८ टक्के क्रिएटिन असतं, एचसीएलमधे ७८. म्हणजे तुझ्या दीड ग्रॅमच्या स्कूपमधे जेमतेम १.२ ग्रॅम, आणि तेवढं मोनोच्या ५ ग्रॅमइतकं काम करतं हे कुणी नीट दाखवलेलं नाही. पोटासाठी मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक केलेलं) मोनो घे, कोमट पाण्यात ढवळ, दोन वेळा अर्धं अर्धं करून जेवणासोबत घे.

फोंड्याची_ताई: आणि क्रिएटिनचा इथाइल एस्टर हा प्रकार कुणी विकत असेल तर सरळ नाही म्हणा, ते शरीरात जाऊन बरंचसं क्रिएटिनिनच होतं, म्हणजे किडनी तपासताना रक्तात मोजतात तो टाकाऊ पदार्थ. बफर्डवालं (आम्लता कमी केलेलं) पण २०१२ च्या अभ्यासात मोनोपेक्षा सरस निघालं नाही.

पेडणे_पावर: आपण गोंयकार, रोज बांगडा खातो, पावडर हवीच कशाला?

फोंड्याची_ताई: मासळीत असतं बाबा, पण किलोभर कच्च्या मासळीत ३ ते ५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं थोडं शिजवताना जातं. रोज किलोभर कोण खातो? शाकाहारी माणसाला तर पावडरचा फरक जास्त जाणवतो.

म्हापसा_७४किलो: ठीक, अर्धं अर्धं करून महिनाभर मोनो घेऊन बघतो. तरी पोट दुखलं तर मी परत एचसीएलवर, मग कितीही आकडे दाखव.

डिचोलीकर_लिफ्टर: चालेल की. फक्त रक्त तपासायला गेलास तर डॉक्टरांना क्रिएटिन चालू आहे हे आधी सांग, क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं. किडनीचा जुना त्रास असेल तर विचारल्याशिवाय चालूच करू नको. आणि पावसात डब्याचं झाकण घट्ट लाव, आपल्याकडच्या दमट हवेत गोळे होतात, गोळे झाले म्हणून टाकून देऊ नको, मोडून घे.