चर्चेला तोंड फोडणाऱ्याने आधी स्वतःचं मत सांगावं का?

उंबरठा (धागाकर्ता)
आमच्या चर्चागटात दर महिन्याला कुणीतरी एक जण विषय मांडतो. गेल्या वेळी विषय होता मुलं आणि मोबाइल. मांडणाऱ्यांनी "तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?" एवढंच विचारलं. मग बराच वेळ शांतता, आणि त्यानंतर प्रत्येकाला आधीपासून पाठ असलेली वाक्यं. शेवटी एक ताई म्हणाल्या, "मी मुलीला नववीत मोबाइल दिला आणि सहा महिन्यांनी काढून घेतला. देण्यात चूक नव्हती, काढून घेण्यात होती, असं आता वाटतं." तिथून बैठक खरी सुरू झाली. दोघं तर ताडकन उत्तर द्यायला सरसावले.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला विषयावर काही म्हणायचं नाही, त्याने विषय मांडूच नये. स्वतःचा पक्ष न घेता बोलण्याला न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वितंडा म्हटलंय, ते उगाच नाही.

तिसरा_पदार्थ
वितंडेचा अर्थ तुम्ही ताणताय. स्वतःचा पक्ष न मांडता *समोरच्याचा पक्ष पाडणं* म्हणजे वितंडा. नुसता प्रश्न विचारणारा कुणाचं काय पाडतो? उलट न्यायसूत्रांत, म्हणजे त्या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, सोळा पदार्थ (विचाराचे विषय) आहेत. त्यांत संशय तिसरा येतो आणि वाद, म्हणजे पक्ष मांडून केलेली चर्चा, दहावा. म्हणजे शंका आधी, पक्ष नंतर. एखाद्याला खरंच ठरवता येत नसेल, तर त्याने खोटा ठामपणा का आणावा?

काठावरून
मी याच्याही पुढे जाईन. आधी मत सांगणं घातक आहे. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 च्या लेखात एक प्रयोग दिलाय. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते 10 किंवा 65 वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांचा मध्यक (मधोमधचा) अंदाज 25, तर 65 पाहिलेल्यांचा 45. प्रश्नाशी काडीचा संबंध नसलेला आकडा एवढं ओढतो, तर गटातल्या मानाच्या माणसाचं मत किती ओढेल?

उंबरठा
@तिसरा_पदार्थ, वितंडेबद्दलची दुरुस्ती मान्य. मी शब्द चुकीचा वापरला.
@काठावरून, तो प्रयोग मात्र इथे लागू पडत नाही. तिथे लोकांना उत्तर माहीत नव्हतं, म्हणून ते हाताला लागलेल्या आकड्याला धरून राहिले. आपल्या घरातल्या मुलाबद्दल माणूस इतका रिकामा नसतो. ताईंचं ऐकून कुणी त्यांच्या मागे गेलं नाही, लोक विरोधातच बोलले.

काठावरून
तुमच्या ताई मोकळ्या स्वभावाच्या असतील. हेच गटातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याने सांगितलं असतं तर ते दोघं सरसावले असते का? मानसशास्त्रज्ञ ॲश यांच्या 1951 च्या प्रयोगात तर डोळ्यांसमोरच्या रेषांची लांबी जुळवायची होती. तरी बाकीचे, आधीच सांगून ठेवलेले लोक एकमुखाने चूक बोलले की साधारण तिसरा हिस्सा उत्तरं त्या चुकीकडे झुकली. साथीला एक जण जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण झपाट्याने उतरलं. मला तो पहिला वेगळा आवाज हवाय, आणि मांडणाऱ्याच्या ठामपणाने तोच दबतो.

फळ्यापाशी
मी वीस वर्षं शिकवतेय. त्या शांततेला तुम्ही सगळेच का घाबरता? शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. माझ्या वर्गात मी हे रोज बघते. थांबणंसुद्धा शिकावं लागतं.

पण "काय वाटतं?" हा प्रश्नच मला पोकळ वाटतो, तेवढ्यापुरती मी धागाकर्त्याच्या बाजूने. "दिलेला मोबाइल काढून घ्यावा का?" हा प्रश्न घ्या. यात मत कुठेच नाही, तरी उत्तर देताना बाजू घ्यावीच लागते.

उंबरठा
हे मला पटतंय. तरी ताईंच्या बोलण्यात जे होतं, ते अशा प्रश्नात नाही. त्यांनी स्वतःचं काहीतरी पणाला लावलं, म्हणून दुसऱ्यांनाही लावावंसं वाटलं.

काठावरून
मग असं करा. विषय सांगितला की आधी प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहायचं, मांडणाऱ्याने नंतर बोलायचं. डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांच्या 1955 च्या अभ्यासात आपलं उत्तर आधी लिहून ठेवणारे लोक गटाच्या दडपणाला कमी बळी पडले.

तिसरा_पदार्थ
कमी बळी पडले की आपल्याच लिखाणाला चिकटून बसले? कागदावर उतरलेलं मत सोडणं जड जातं. मी चर्चेला येतो ते मत बदलायची शक्यता असते म्हणून. तुमच्या कागदाने तीच गेली तर?

उंबरठा
पुढच्या बैठकीत विषय मीच मांडणार आहे. कागद वाटतो, पण शेवटी ते गोळा करणार नाही. ज्याचा त्याने घरी न्यावा. आणि माझं मत मी सांगणारच, फक्त सगळ्यांचं लिहून झाल्यावर.